डार्विन यांच्या घरातला प्रश्न

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन (१८०९-१८८२) यांच्या पत्नी एमा वेजवुड या त्यांच्या सख्ख्या मामाच्या कन्या. दोघांचे लग्न १८३९ मध्ये झाले. दहा मुले झाली, त्यांपैकी तीन लहानपणीच दगावली. लाडकी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली, तेव्हा डार्विन खचून गेले. आपले नात्यातले लग्न मुलांच्या प्रकृतीला भोवले की काय, ही शंका त्यांना छळत राहिली.

वनस्पतींवर अकरा वर्षे प्रयोग करून त्यांनी दाखवले, की स्वपरागणातून आलेली रोपे बहुधा खुजी राहतात आणि त्यांना बियाही कमी धरतात. पण माणसांचे काय? इंग्लंडच्या १८७१ च्या जनगणनेत भावंडांमधील विवाहांविषयी प्रश्न विचारला जावा, यासाठी त्यांनी खासदार मित्र जॉन लबक यांच्यामार्फत प्रयत्न केला. संसदेने तो फेटाळला.

मग त्यांचा गणिती मुलगा जॉर्ज पुढे आला. सख्ख्या चुलत भावंडांचे आडनाव एकच असते. म्हणून विवाहाच्या नोंदींत वधू-वरांची लग्नाआधीची आडनावे सारखी असलेली जोडपी त्याने मोजली. स्मिथसारखी आडनावे योगायोगानेही जुळतात, तेवढा वाटा वजा केला. डार्विन-वेजवुड यांच्यासारखी वेगळ्या आडनावांची भावंडे या मोजणीतून निसटतात. त्यांचे प्रमाण पत्रे पाठवून काढले आणि हिशेबात धरले. १८७५ मध्ये निष्कर्ष आले: असे विवाह उमरावांत सुमारे साडेचार टक्के, जमीनदार व मध्यमवर्गात साडेतीन, खेड्यांत सव्वादोन, तर लंडनमध्ये दीड टक्का. म्हणजे जितकी इस्टेट मोठी, तितके लग्न घरातल्या घरात.

मनोरुग्णालयांतील रुग्णांमध्ये अशा जोडप्यांच्या मुलांचे प्रमाण मात्र फारसे जास्त आढळले नाही. पण स्कॉटलंडचे डॉ. आर्थर मिचेल यांचे एक मत जॉर्जने नोंदवले. खाऊन-पिऊन सुखी घरांत दुष्परिणाम क्वचित दिसतात. उपासमार आणि कोंदट घर असेल तिथे ते ठळक होतात. आनुवंशिकता आणि गरिबी यांचे परिणाम वेगळे करणे आजही सोपे नाही.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडेही अनेक समाजांत रूढ आहे. तिथेही माहेर-सासरची आडनावे वेगळीच असतात. उलट पाटील-पाटील जोडप्यात काहीच नाते नसू शकते. म्हणून आम्ही डॉक्टर आडनावावर न जाता थेट विचारतो, तुमचे लग्न नात्यात झाले आहे का? सख्ख्या मामे-आते भावंडांत साधारण एक अष्टमांश जनुके समान असतात. बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याचा धोका इतर जोडप्यांत दोन-तीन टक्के असतो, तो अशा जोडप्यांत जवळपास दुप्पट होतो. तरीही बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात.

त्यामुळे लाज नको आणि घबराटही नको. गर्भधारणेआधीच डॉक्टरांना नाते सांगा. घराण्यात थॅलेसेमिया, बहिरेपणा किंवा लहान मुलांचे मृत्यू असतील, तर तेही सांगा. डार्विन यांना ज्या शंकेचे उत्तर मिळाले नाही, तिच्यासाठी आज तपासण्या उपलब्ध आहेत.