वाटाण्याचा अंकुर आणि दादासाहेब

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये पाया लेबार विमानतळावरचे एक पान आहे. प्रवासी विमाने १९८१ साली चांगीला गेली, त्याच्या आधीची ही गोष्ट. पाहुण्यांना पोचवायला जावे, समोर अवाढव्य जम्बो उभे असावे आणि प्रत्येकाने फोटो काढून घ्यावा! विमान एवढे मोठे, पण फोटो एकही धड नाही. शेजारच्याच पानावर दारात मेथी निवडणारी आजी आहे. येणारेजाणारे तो फोटो मात्र मागून पाहतात. हे नवल बोलता बोलता आम्हांला दादासाहेब फाळके आठवले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले आणि तो धंदा संपला. मग छापखाना झाला. भागीदारांशी बिनसले, तोही सुटला.

अशा दिवसांत त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचे, या ध्यासाने विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले व कॅमेरा घेतला. विषय साक्षात देवादिकांचा, याहून भव्य काय हवे? पण नुसत्या विषयावर पैसा कोण लावणार!

तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. महिन्याहून अधिक काळ ते नेमाने एकेक चौकट टिपत राहिले. ना राजवाडा, ना नटनटी. पडद्यावर मिनिटभरात दाणा फुटला, अंकुर वर आला, वेल चढू लागला. वाटाणा कोणाच्या घरी नसतो? पण तो असा उगवताना कोणी पाहिला होता! ते पाहून काही स्नेही कर्ज द्यायला तयार झाले.

उरलेला भार सरस्वतीबाईंनी उचलला. या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. दागिने दिले, रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहातील साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब वारले.