सिकंदर, अकबर आणि पृथ्वीराज

ऐतिहासिक चित्रपटांचा विषय निघाला की जुन्या रसिकांमध्ये एक वाद हटकून रंगतो. पृथ्वीराज कपूर यांची श्रेष्ठ भूमिका कोणती, १९४१ च्या ‘सिकंदर’मधील जगज्जेत्या तरुणाची, की १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’मधील बादशहाची? दोन्ही पक्ष आपापल्या मताशी हट्टाने चिकटून असतात. ज्यांनी तरुण वयात ‘सिकंदर’ पाहिला त्यांना अकबर संथ आणि बोजड वाटतो; ज्यांनी अकबर प्रथम पाहिला त्यांना सिकंदर केवळ देखणा वाटतो. मात्र या वादात एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. ज्या नटाच्या राजवस्त्रांविषयी एवढी चर्चा होते, त्याने आपली उमेदीची सोळा वर्षे साध्या कपड्यांतील माणसांची नाटके करण्यात घालविली आणि त्या नाटकांचा खर्च बव्हंशी या राजवस्त्रांनीच भागविला.

पृथ्वीराजांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०६ चा, पंजाबातील लायलपूर जिल्ह्यातल्या समुंद्री या गावचा. वडील पोलीस खात्यात होते. पेशावरच्या एडवर्ड्‌स महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर मुलाने वकील व्हावे ही अपेक्षा स्वाभाविकच होती. कायद्याच्या अभ्यासक्रमाला त्यांनी नावही घातले. तथापि नाटकाच्या वेडापुढे कायदा टिकला नाही आणि १९२८ साली, आत्याकडून उसने पैसे घेऊन, हा उंचापुरा तरुण मुंबईस आला. अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीत त्याला प्रवेश मिळाला. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटातही त्यांची भूमिका होती. पुढे ग्रँट अँडरसन यांच्या इंग्रजी नाटक मंडळीबरोबर त्यांनी शेक्सपिअरची नाटके केली. त्या काळी बोलपटात शिरलेले बहुतेक नट पारशी रंगभूमीची भाषणशैली जशीच्या तशी घेऊन आले होते. पृथ्वीराजांच्या आवाजाला तीच भव्यता होती, पण वाक्य कोठे थांबवावे याची समज त्यांना या भटकंतीत आली असावी. कलकत्त्यास देवकी बोस यांच्या ‘सीता’ (१९३४) मध्ये ते राम झाले. सीतेची भूमिका दुर्गाबाई खोटे यांची होती. ‘विद्यापती’ (१९३७) मध्ये ते मिथिलेचे राजे शिवसिंह होते. पत्नीचे मन कवीकडे ओढले गेलेले पाहणाऱ्या या राजाचा मूक खेद, पुढच्या अकबराची चाहूल ज्यांना शोधायची असेल त्यांनी अवश्य पाहावा.

सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनने ‘सिकंदर’ काढला तेव्हा महायुद्ध ऐन भरात होते. पोरसाची भूमिका स्वतः मोदींनी केली आणि रुखसाना झाली होती वनमाला, जिने पुढे आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’त आईची भूमिका अजरामर केली. इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी लढताना खरा सिकंदर तिशीचा होता, पृथ्वीराज चौतिशीचे. हा योग क्वचितच जुळून येतो. परकी आक्रमक आणि त्याला अडविणारा स्वाभिमानी राजा यांच्या कथेत पारतंत्र्यातील प्रेक्षकाला आपली कथा दिसली नसती तरच नवल. सरकारलाही ती दिसली. लष्करी छावण्यांतील चित्रगृहांत ‘सिकंदर’ दाखविण्यास मनाई झाली. गंमत अशी की आक्रमकाची भूमिका करूनही लोकप्रियता मिळाली ती पृथ्वीराजांना. पोरसाकडे न्याय होता, सिकंदराकडे यौवन. प्रेक्षकाचे मन अशा वेळी न्यायाने चालतेच असे नाही.

‘सिकंदर’चे कैवारी येथे इतिहासाचा आधार पुढे करतात. अकबर आणि अनारकली ही दंतकथा आहे, सिकंदर आणि पोरस हा इतिहास आहे, असे त्यांचे म्हणणे असते. ते अर्धेच खरे आहे. अनारकलीचा उल्लेख अबुल फजलच्या ‘अकबरनाम्या’त नाही हे खरे; तिची सर्वपरिचित कथा इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या उर्दू नाटकातून पडद्यावर आली. पण रुखसाना पोरसाला राखी बांधते, हा तरी कोणता इतिहास? झेलमच्या लढाईविषयी जे काही ज्ञात आहे ते ग्रीक आणि रोमन लेखकांकडून; भारतीय साहित्य सिकंदराविषयी जवळजवळ मूक आहे. सबब इतिहासाच्या तराजूत या दोन भूमिका तोलण्याचा खटाटोप व्यर्थ होय. नटाने आपल्या राजाला किती माणूसपण दिले, एवढेच पाहिले पाहिजे.

या वादात महाराष्ट्राला विसरून चालणार नाही. भालजी पेंढारकरांनी पृथ्वीराजांना कोल्हापुरास नेले आणि ‘महारथी कर्ण’ (१९४४) व ‘वाल्मीकि’ (१९४६) हे चित्रपट केले. ‘वाल्मीकि’त पृथ्वीराजांचा थोरला मुलगा राज नारद झाला होता. १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’त चंद्रकांत महाराजांच्या भूमिकेत होते आणि पृथ्वीराज झाले होते मिर्झाराजे जयसिंग. पुरंदरच्या तहाचे नाव घेताच मराठी माणसाचे मन कडवट होते. अशा पात्राला खलनायक करणे सोपे होते. पृथ्वीराजांनी ते केले नाही. पराक्रमी, धर्मनिष्ठ, पण दुसऱ्याच्या चाकरीत रुतलेला हा राजपूत त्यांनी प्रतिष्ठेने उभा केला. चर्चेत ही भूमिका फारशी येत नाही, हा तिच्यावर अन्याय आहे.

या सर्व काळात त्यांचा जीव होता तो रंगभूमीत. १९४४ साली त्यांनी पृथ्वी थिएटर्सची स्थापना केली. ‘शकुंतला’ने प्रारंभ झाला, पण नाव झाले ते ‘दीवार’, ‘पठाण’, ‘गद्दार’, ‘आहुती’ या नाटकांनी. ‘दीवार’ १९४५ चे; एका घरात भिंत उभी राहते, ही त्याची कथा. फाळणी अजून दोन वर्षे दूर होती. ‘पठाण’मध्ये मुसलमान पठाण हिंदू मित्राच्या मुलासाठी आपल्या पोटच्या मुलाचा बळी देतो, आणि हे नाटक १९४७ साली लोकांपुढे येत होते. पेशावरात वाढलेल्या पृथ्वीराजांना तो पठाण नाट्यशाळेत शिकावा लागला नाही.

मंडळीत सुमारे दीडशे माणसे होती. मुंबईत ऑपेरा हाऊसमध्ये खेळ होत, तेही पुष्कळदा सकाळी, कारण दुपार-संध्याकाळचे नाट्यगृह सिनेमाच्या मालकीचे झाले होते. दीडशे जणांचे पगार, गावोगावचा प्रवास आणि उभारण्या-उतरविण्याचे नेपथ्य यांचा हिशेब तिकिटांच्या विक्रीतून जुळणे शक्यच नव्हते. तूट भरून निघे ती पृथ्वीराजांच्या चित्रपटांतील मिळकतीतून. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सिकंदर, कर्ण आणि विक्रमादित्य हे ‘पठाण’ला अनुदान देत होते! खेळ संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी मान खाली घालून, झोळी पसरून उभे राहत. ती झोळी असे आपद्ग्रस्तांसाठी. १९५२ मध्ये राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून गेल्यावरही त्यांनी फिरत्या नाटक मंडळ्यांच्या अडचणी सोडविण्याचा प्रयत्न केला. पण अखेर आवाज साथ देईना. दोन हजार सहाशेहून अधिक प्रयोगांनंतर, मे १९६० मध्ये पृथ्वी थिएटर्स बंद झाले.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, ५ ऑगस्टला, ‘मुगल-ए-आझम’ प्रकाशित झाला. के. आसिफ यांनी हा चित्रपट प्रथम योजला तेव्हा अकबर होणार होते चंद्रमोहन. फाळणीत मूळ निर्माता पाकिस्तानात गेला, चंद्रमोहन १९४९ मध्ये निवर्तले आणि नव्याने जुळणी झाली तेव्हा ही भूमिका पृथ्वीराजांकडे आली. चित्रपट सलीम-अनारकलीच्या प्रेमाचा. नाव मात्र बापाचे. ते यथार्थ आहे. पुत्रप्राप्तीसाठी अनवाणी दर्ग्याकडे चालत जाणारा अकबर पुढे त्याच पुत्राविरुद्ध रणात उभा राहतो आणि शेवटी, एका दासीच्या आईला दिलेल्या वचनासाठी, अनारकलीला गुपचूप सोडून देतो. मुलाच्या नजरेत तो कायमचा निष्ठुर ठरणार आहे आणि हे ओझे तो आपखुशीने उचलतो. हे सारे पृथ्वीराजांनी पाठीच्या ताठ कण्याने आणि थकलेल्या डोळ्यांनी सांगितले आहे. सिकंदराचा आवाज पडदा फाडून बाहेर येई. अकबराचा आवाज जेथे दाटतो तेथे तो अधिक मोठा होतो. दीडशे माणसांच्या कुटुंबाचा कर्ता म्हणून सोळा वर्षे वावरलेल्या माणसाला बादशहाचे एकाकीपण कळले असल्यास नवल नाही. म्हणून कौल द्यावयाचा तर तो अकबराला द्यावा लागेल.

यानंतरच्या राजांत चढाओढ राहिली नाही. ‘जहाँआरा’त (१९६४) ते शहाजहान झाले. १९६५ च्या ‘सिकंदर-ए-आझम’मध्ये सिकंदर होता दारासिंग, आणि चोवीस वर्षांपूर्वीचा सिकंदर आता पोरस होऊन त्याच्यासमोर उभा होता. चित्रपट सामान्य, पण ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांना या अदलाबदलीने गलबलून आले असेल.

२९ मे १९७२ रोजी मुंबईत पृथ्वीराजांचे निधन झाले. पत्नी रामसरणी यांनीही दोन-तीन आठवड्यांतच जगाचा निरोप घेतला. १९७१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. आपले स्वतःचे नाट्यगृह असावे ही त्यांची इच्छा जुहू येथे १९७८ मध्ये शशी आणि जेनिफर कपूर यांनी पूर्ण केली. तेथे प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात आणि नटाला ओरडावे लागत नाही.