विश्लेषण : सुट्टीतला ‘मामाचा गाव’ सजवणारे गदिमा… बालगीतांतली श्रीमंती आली कुठून?

मे महिन्यात शाळा बंद असतात, पाहुणी मुले घरी येतात आणि वाढदिवस, स्नेहभोजन, अंगणातले खेळ यांना ऊत येतो. अलीकडे त्यासाठी ‘थीम’ ठरवली जाते. जंगल, समुद्र किंवा परीकथेतला राजवाडा असे सजावटीचे तयार संच दुकानात मिळतात. मराठी घरांत मात्र अशी एक कल्पनानगरी सत्तर वर्षांपासून आहे. तिथे आगगाडी आहे, नाचणारा मोर आहे, तळ्यातले कुरूप पिल्लू आहे आणि चांदोबाची गाडी आहे. ती उभारली गजानन दिगंबर माडगूळकर अर्थात गदिमा यांनी. यवतमाळ जिल्ह्याशीही त्यांचे एक ठळक नाते आहे.

सुट्टीच्या खेळांशी गदिमांचा संबंध काय?

गदिमांची मुख्य ओळख ‘गीतरामायण’कार आणि चित्रपटगीतकार अशी आहे. बालगीते ही त्यांच्या लेखनाची छोटी शाखा. पण ‘नाच रे मोरा’, ‘झुकझुक आगीनगाडी’, ‘एका तळ्यात होती’ आणि ‘गोरी गोरी पान’ ही चार गाणी एकत्र ठेवली, तर सुट्टीचा सगळा कार्यक्रमच तयार होतो. प्रवास, पाहुणचार, गोड जेवण, पावसाची वाट आणि लग्नाची वरात असे सारे त्यांत आहे. स्नेहसंमेलनात आणि बालवाडीत ही गाणी नाचून दाखवली जातात, अंगणात खेळली जातात. मुलांना कवीचे नाव ठाऊक नसते, गाणे मात्र पाठ असते.

त्यांचे बालपण कसे होते?

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे या गावी, म्हणजे आजोळी झाला. जन्मताच मूल हालचाल करीत नव्हते, ते गेले असे समजून पुढची तयारी सुरू झाली होती आणि सुईणीच्या प्रयत्नाने ते रडले, अशी आठवण सांगितली जाते. ज्या कवीने मराठी मुलांना मामाचा गाव दिला, त्याचा पहिला श्वास मामाच्याच गावात घेतला गेला.

माडगूळ हे त्यांचे मूळ गाव. ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येतात. त्या काळी हा भाग औंध संस्थानात होता. वडील संस्थानात कारकून होते. पगार तुटपुंजा, कुटुंब मोठे आणि प्रदेश माणदेशाचा, म्हणजे कायम पावसाची वाट पाहणारा. कथाकार व्यंकटेश माडगूळकर हे त्यांचे धाकटे भाऊ. शिक्षण औंधला झाले. तिथले अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. घरात आईच्या ओव्या, गावात कीर्तन आणि तमाशा, शाळेत नाटके असा कानांचा खुराक मात्र भरपूर होता. पैसा नव्हता आणि शब्दांची कमतरता नव्हती, असे हे बालपण. त्यांच्या बालगीतांचे कोडे इथेच उलगडते.

गीतकार कसे झाले?

मॅट्रिकची परीक्षा त्यांना पार करता आली नाही. पोटासाठी त्यांनी कोल्हापूर गाठले आणि ते चित्रपटसृष्टीत शिरले. मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली. वि. स. खांडेकर यांच्याकडे लेखनिक म्हणून काम केले. ‘पहिला पाळणा’ (१९४२) या सुमारास गीतकार म्हणून त्यांचे नाव दिसू लागले. ‘रामजोशी’ने (१९४७) ते घरोघरी पोहोचले. पुढे दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांशी ते गीत, कथा, पटकथा किंवा संवाद अशा नात्याने जोडले गेले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या हिंदी चित्रपटाचे लेखनही त्यांचेच. कैद्यांच्या त्या करड्या कथेत खेळणी विकणारी एक बाई येते आणि रखरखीत माळावर मुलांचे जग उभे राहते.

‘नाच रे मोरा’ एवढे का टिकले?

हे गाणे ‘देवबाप्पा’ (१९५३) या चित्रपटातले. दिग्दर्शक राम गबाले, संगीत पु. ल. देशपांडे यांचे आणि स्वर आशा भोसले यांचा. गाण्यात घडते ते एवढेच की मूल मोराला नाचायला बोलावते आणि पावसात त्याच्याबरोबर खेळू पाहते. जागा आंब्याच्या बनातली आहे. उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाची सुरुवात या दोहोंच्या सीमेवर ते उभे आहे. दुष्काळी मुलखात वाढलेल्या कवीला ढग दाटून येण्याचे मोल सांगावे लागत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या यवतमाळच्या कापूस पट्ट्यालाही ते वेगळे समजवावे लागत नाही.

डेन्मार्कचे पिल्लू मराठी तळ्यात कसे आले?

जागतिक बालसाहित्यातील अभिजात कथा गदिमांनी कशी आपलीशी केली, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘एका तळ्यात होती’. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची कुरूप बदकाच्या पिल्लाची गोष्ट १८४३ मध्ये डॅनिश भाषेत प्रसिद्ध झाली. मूळ कथेत पिल्लू घर सोडते, म्हाताऱ्या बाईच्या झोपडीत मांजर आणि कोंबडीचे टोमणे ऐकते, बर्फात गोठते आणि बऱ्याच हालअपेष्टांनंतर हंस म्हणून ओळखले जाते.

गदिमांनी बर्फ, झोपडी, भटकंती हे सगळे वगळले. ठेवले ते फक्त तळे, भावंडांनी बाजूला टाकलेले एक वेडेबिद्रे पिल्लू आणि पाण्यात दिसलेले प्रतिबिंब. तळ्याला नाव नाही, त्यामुळे ते कुठल्याही गावचे होऊ शकते. परदेशी पक्ष्याच्या जागी आपल्या कवितेतला राजहंस आला आणि गोष्ट परकी उरली नाही. खेळात कुणी घेत नाही, हे मुलांचे सर्वांत मोठे दुःख. तेच गाण्याच्या मध्यभागी राहिले. सुट्टीत दहा मुले जमली की एखादे बाजूला पडतेच. म्हणून हे गाणे आजही लागू पडते.

मामा एवढा श्रीमंत का?

‘झुकझुक आगीनगाडी’त धुराच्या रेषा, पळणारी झाडे आणि शेवटी मामाचा गाव येतो. तिथल्या पेठा सोन्याचांदीच्या आहेत, मामा रेशमाची लयलूट करणारा आहे, मामी सुगरण आहे आणि ताटात शिकरण-पोळी रोज आहे. हे वर्णन खऱ्या श्रीमंताच्या घरचे नाही, ते गरीब मुलाच्या स्वप्नातले आहे. खऱ्या धनिकाच्या घरी शिकरणाचे अप्रूप नसते. केळे, दूध आणि साखर एवढ्यावर जिथे मेजवानी होते, त्या घरातल्या मुलानेच रेशमाचे मोजमाप हजारांत करावे.

गाण्यात एक गमतीची आणि खरी जागाही आहे. मामी आधी पाहुण्या पोरांकडे पाहून नाक मुरडते आणि मग तीच रोज गोड करून घालते. सुट्टीचा पाहुणचार कुणाच्या कष्टावर उभा असतो, हे त्यातून आपसूक कळते. काळाच्या खुणाही या गाण्यांत आहेत. इथे मामी आणि ‘गोरी गोरी पान’मध्ये वहिनी गोरी असणे कौतुकाचे ठरते; आज ते खटकते. पण श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेल्या त्या गाण्याची वरात मात्र अजून ताजी आहे. वहिनीला आणायला चांदोबाची गाडी आणि गाडीला हरणांची जोडी, एवढ्यात लग्नमंडपाची सजावट संपते.

‘गीतरामायणा’तही मुले आहेत का?

आहेत, आणि तीही अगदी आरंभी. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९५६ च्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. संगीत सुधीर फडके यांचे. या मालिकेत रामाची कथा सर्वप्रथम ऐकू येते ती लव-कुश या दोन मुलांच्या गायनातून. गदिमा, सुधीर फडके आणि पु. ल. हे तिघेही १९१९ चे, हा मराठी संगीताच्या इतिहासातला विलक्षण योग. पुण्यात ‘पंचवटी’ हे घर झाल्यावरही गदिमा लिहायला माडगूळच्या शेतातल्या, ‘बामणाचा पत्रा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साध्या खोलीत जात. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विधान परिषदेचेही ते सदस्य होते. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

यवतमाळशी नाते कोणते?

१९७३ मध्ये यवतमाळला ४९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष गदिमा होते. चित्रपटासाठी लिहिणारा, मुलांसाठी गाणी रचणारा कवी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला तो या शहरात. पुढच्याच वर्षी इचलकरंजीच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले पु. ल. देशपांडे. म्हणजे ‘नाच रे मोरा’चे कवी आणि संगीतकार लागोपाठ संमेलनाध्यक्ष झाले.

त्या वर्षी यवतमाळमध्ये खरीखुरी झुकझुक गाडीही होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद मार्गावरची ‘शकुंतला’ कापूस वाहून नेण्यासाठी ब्रिटिश काळात सुरू झाली. दारव्हा, कारंजा करीत ती रमतगमत जाई. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. इथल्या कित्येक पिढ्या आजोळी गेल्या त्या धुराच्या त्याच रेषा पाहत. आता ती बंद आहे.

मामाचे घरही बदलले. २०१९ मध्ये, गदिमांच्या जन्मशताब्दी वर्षात, यवतमाळला पुन्हा संमेलन झाले तेव्हा त्याचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने केले. कर्जाने पिचलेल्या घरांत सुट्टीला येणाऱ्या भाच्यांसाठी गाण्यातली पेठ कुठून आणायची, हा या जिल्ह्यातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गाण्यातच आहे. ती पेठ कवीच्याही घरी नव्हती.

ही गाणी अंगणात कशी मांडता येतील?

यवतमाळच्या उन्हात दुपारी काही जमत नाही. वेळ संध्याकाळचीच हवी. अंगणात सडा मारून खुर्च्या आणि पाट एका रांगेत मांडले की गाडी झाली. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर अशा पाट्या मुलांनीच खडूने लिहायच्या. परातीत पाणी, त्यात कागदाची बदके आणि एक वेगळ्या रंगाचे पिल्लू. त्याला घरातला कापूस चिकटवला की शेवटी राजहंस होतो. ते पिल्लू कुणाच्या हाती द्यायचे, हे मोठ्यांनी पाहून ठरवावे. खेळात मागे राहणाऱ्या मुलाला ते मिळाले तर गोष्ट न सांगता कळते. बाहुला-बाहुलीच्या लग्नात पुठ्ठ्याची चंद्रकोर म्हणजे वरातीची गाडी. पळसाच्या पानांच्या द्रोणात शिकरण वाढावे. केळी कुस्करायचे आणि द्रोण उचलायचे काम मुलांकडे दिले, तर मामीलाही सुट्टी मिळेल.

यात विकत आणण्यासारखे फारसे काही नाही. गदिमांनी मुलांसाठी रचलेल्या श्रीमंतीचे वैशिष्ट्य तेच आहे.