गणिती दामोदर कोसंबी : नाणी, टेकड्या आणि लेणी

विहारात येणाऱ्या जुन्या मंडळींना धर्मानंद कोसंबी हे नाव नवीन नाही. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक पुष्कळांनी वाचलेले आहे. पण त्यांचा मुलगा दामोदर हा मोठा गणिती होता, आणि गणिताबाहेर त्याला आणखी एक नाद होता, हे सगळ्यांना ठाऊक असतेच असे नाही. त्या नादाचा आपल्या लेण्यांशी जवळचा संबंध आहे. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार शब्द.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. धर्मानंदजी पाली ग्रंथाच्या कामासाठी अमेरिकेला गेले, तेव्हा १९१८ साली त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरलाही सोबत नेले. पुढे त्याच गावी, हार्वर्ड विद्यापीठात, १९२९ साली दामोदर पदवीधर झाले. परत आल्यावर बनारस व अलीगढ येथे शिकवून १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, तिथे मुंबईत ते गणिताचे प्राध्यापक झाले. घर मात्र पुण्यातच. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असा त्यांचा क्रम होता. आनुवंशिकतेच्या अभ्यासात त्यांनी १९४४ साली मांडलेले एक सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरतात.

आता नादाची गोष्ट. सुरुवात झाली जुन्या नाण्यांपासून. तक्षशिलेला १९२४ साली चांदीच्या हजाराहून जास्त ठसे मारलेल्या नाण्यांचा साठा सापडला होता. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. मग आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे ओळखायचे कसे? कोसंबींनी विचार केला, नाणे हातोहात फिरले की झिजते. जितके जास्त दिवस फिरेल, तितके वजन कमी. पण हे नुसते बोलून भागणार नव्हते. म्हणून त्यांनी आधी आपल्या काळातली चालू नाणी हजारोंनी बारीक काट्यावर तोलली, झिजेचा हिशोब बसवला, आणि मगच जुन्या नाण्यांना हात घातला. बाजारात रोज इकडून तिकडे जाणारा पैसा त्यांनी असा इतिहासाचा साक्षीदार केला.

नाणी पाडणारे कोण, हे शोधायला जुने ग्रंथ वाचणे भाग होते. त्यातून संस्कृतचा अभ्यास वाढला. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते तपासून १९४८ साली त्यांनी शुद्ध पाठ तयार केला. पुढे १९५७ साली वि. वि. गोखले यांच्यासोबत त्यांनी ‘सुभाषितरत्नकोश’ छापला. बंगालमधल्या जगद्दल महाविहारातील विद्याकर या बौद्ध पंडिताने केलेला हा काव्यसंग्रह. त्याचा आरंभच बुद्धावरील श्लोकांनी होतो.

पण हा माणूस नुसता टेबलाशी बसणारा नव्हता, बरं का! सुट्टी मिळाली की पाठीला पिशवी, हातात काठी, आणि पायी निघायचे. घरामागच्या टेकडीवर त्यांना अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारे सापडली. धनगर पावसाळ्यात मेंढरे कुठून कुठे नेतात, कोणत्या वाटेवर थांबतात, गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या देवी कुठे बसल्या आहेत, हे ते लोकांना विचारून टिपून ठेवीत. त्यांच्या ध्यानात आले की पुष्कळ ठिकाणी वाट तीच, देवी तिथेच आणि जुनी हत्यारेही तिथेच. पोथीत न लिहिलेला इतिहास साध्या माणसांच्या पायाखाली पडला होता.

याच वाटांनी ते कार्ल्याच्या लेण्याशी आणि जुन्नरला पोचले. लेणी डोंगरात एकांतासाठी कोरली, असे आपण समजतो. कोसंबींनी दाखवले की ती घाटातून जाणाऱ्या व्यापारी रस्त्यांच्या कडेला आहेत, आणि विहारांचा त्या व्यापाराशी देण्याघेण्याचा संबंध होता. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यात भूतपाल श्रेष्ठी आहे, अत्तराचा धंदा करणारा सिंहदत्त आहे, सामी नावाचा सुतार आहे, यवन आहेत. यातले बरेच जण धेनुकाकट गावचे. ते गाव कुठे असावे, याचाही त्यांनी जागेवर फिरून शोध घेतला.

खरे सांगायचे तर दामोदर कोसंबी मार्क्सवादी विचारांचे होते, वंदना-विधी करणारे नव्हते. विहारांकडे संपत्ती साठली आणि त्यांचा लोकांशी संबंध सुटत गेला, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. आपल्याला ते वाचायला जड जाईल. पण पडताळून पाहा, मगच माना, ही शिकवण आपलीच आहे ना?

या नादाची किंमतही त्यांनी मोजली. गणित सोडून भलतीकडे वेळ घालवतो, असा ठपका त्यांच्यावर येई. १९५९ साली त्यांनी एका अतिशय अवघड गणिती प्रश्नाची उकल छापली, ती जाणकारांनी मान्य केली नाही. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. तरी त्यांचे काम थांबले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. आज त्यांचे नाव जास्त घेतले जाते ते इतिहासासाठीच. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच १९५६ साली भारताच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. राजांच्या याद्या बाजूला ठेवून कष्टकऱ्यांकडे बघा, हे त्याचे सार.

तेव्हा पुढच्या सहलीला कार्ल्याला जाल, तेव्हा नुसते फोटो काढून परतू नका. मुलांना शिलालेखांपाशी उभे करा आणि सांगा, इथे एका सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे. आणि घरातले पोर दगड, नाणी, तिकिटे गोळा करीत असेल, तर रिकामा उद्योग म्हणून त्याच्यावर ओरडू नका. त्याला एक वही द्या, आणि काय कुठे मिळाले ते लिहून ठेवायला शिकवा.