विश्लेषण : माणूस बसवलेला ‘व्ही-१’ बॉम्ब उडवणारी हाना राइट्श

जून १९४४ पासून लंडनवर कोसळू लागलेले जर्मनीचे ‘व्ही-१’ उडते बॉम्ब विनावैमानिक होते. वेग ताशी सुमारे ६४० किलोमीटर, पुढच्या टोकाला जवळपास ८५० किलो स्फोटके. पेण ते रोहा हे सरळ रेषेतले तीस-बत्तीस किलोमीटर अंतर असा बॉम्ब तीन मिनिटांत कापेल. नेम मात्र कच्चा. शहरावर सोडला तर शहरात कुठे तरी पडणार. जहाजावर मारायला निरुपयोगी. मग त्यात माणूसच बसवला तर? असा माणूस बसवलेला बॉम्ब स्वतः उडवून पाहणाऱ्यांत एक महिला होती, हाना राइट्श.

ग्लायडरपासून सुरुवात

२९ मार्च १९१२ रोजी हिर्शबर्ग येथे (आता पोलंडमध्ये) डोळ्यांच्या डॉक्टरांच्या घरी तिचा जन्म झाला. वडिलांची इच्छा तिने डॉक्टर व्हावे अशी. तिने वैद्यकीय शिक्षण सोडून ग्लायडर धरला. १९३८ मध्ये बर्लिनच्या एका बंदिस्त सभागृहात, प्रेक्षकांच्या डोक्यांवर, तिने हेलिकॉप्टर उडवून दाखवले. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘मेसरश्मिट-१६३’ची चाचणी घेताना चाके सुटली नाहीत, विमान आपटले आणि तिची कवटी अनेक ठिकाणी फुटली. पाच महिने रुग्णालयात काढून ती पुन्हा विमानात बसली. तिच्या धाडसाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. ते कोणासाठी वापरले, हा प्रश्न वेगळा.

आत्मघाती योजना काय होती?

जर्मनीचा पराभव दिसू लागला तेव्हा स्वयंसेवक वैमानिकांनी शत्रूच्या जहाजांवर विमानासह आदळावे, ही कल्पना पुढे आली. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी राइट्शने ती थेट हिटलरपुढे मांडली. त्याला ती रुचली नाही. दयेपोटी नव्हे, परिस्थिती इतकी हाताबाहेर गेलेली नाही, असे त्याला वाटत होते. तयारीला मात्र त्याने परवानगी दिली. पहिल्या स्वयंसेवकांत राइट्शने स्वतःचे नाव घातले.

आधी निवडलेले विमान रखडले, म्हणून ‘व्ही-१’मध्येच छोटी बैठक बसवली गेली. सांकेतिक नाव ‘रायशेनबर्ग’. हाइन्केल बॉम्बफेकी विमानाखाली टांगून ते उंच न्यायचे आणि सोडायचे. हवेत ते बरे चाले. खरी अडचण सरावानंतर उतरण्याची. चाके नाहीत, पोटाखाली नुसती पट्टी आणि उतरतानाचा वेग प्रचंड. सुरुवातीच्या चाचण्यांत वैमानिक जबर जखमी झाले. मग राइट्श पुढे आली. तिच्या आठवणींनुसार तिने अशी आठ-दहा उड्डाणे केली.

लक्ष्यावर नेम धरून शेवटच्या क्षणी वैमानिकाने उडी मारायची, असे कागदावर होते. इंजिनाचे तोंड त्याच्या बैठकीच्या लगेच मागे, वर होते. उडी मारून वाचण्याची शक्यता जवळजवळ शून्य, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

ती कधी वापरली का नाही?

सुमारे १७५ यंत्रे तयार झाली. पण ज्या तुकडीने ती वापरायची, तिचा प्रमुख वेर्नर बाउमबाख याला हा प्रशिक्षित माणसांचा नाश वाटत होता. मार्च १९४५ मध्ये योजना गुंडाळली गेली. त्याच महिन्यात जपानने ‘ओका’ हे असेच यंत्र प्रथमच लढाईत आणले. २१ मार्चच्या त्या मोहिमेत ते वाहून नेणारी सगळी विमाने लक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधीच पाडली गेली.

एप्रिलअखेरीस वेढलेल्या बर्लिनमध्ये उतरून राइट्श हिटलरच्या तळघरात पोहोचली आणि तिथून बाहेरही पडली. काही दिवसांतच, सोव्हिएत ताब्यात जाण्याच्या भीतीने, तिच्या वडिलांनी पत्नी, मुलगी आणि नातवंडांना मारून आत्महत्या केली. ती स्वतः वर्षभराहून अधिक काळ अमेरिकेच्या कैदेत होती.

दिल्लीत नेहरूंसोबत

१९५९ मध्ये भारतात ग्लायडिंगच्या कामासाठी तिला बोलावले गेले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू तिच्या ग्लायडरमधून दिल्लीवर फिरले. एकेकाळी हिटलरला भेटून आत्मघाती तुकडी मागणाऱ्या महिलेशेजारी, इंजिनाचा आवाज नसलेल्या विमानात नेहरू. इतिहासात अशा जोड्या जमतात. पुढे १९६२ मध्ये घानाच्या क्वामे एन्क्रुमा यांच्यासाठी तिने ग्लायडिंगची शाळा काढली आणि १९६६ मध्ये त्यांची सत्ता उलथली जाईपर्यंत चालवली.

हिटलरने दिलेले लोहपदक तिने अखेरपर्यंत टाकले नाही. २४ ऑगस्ट १९७९ रोजी फ्रँकफर्टमध्ये तिचे निधन झाले.