हृदयापर्यंत गेलेली नळी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या मानेतील शिरेत अनेकदा जी नळी बसविली जाते, ती बाहेरून एकच दिसत असली तरी आतून दुहेरी असते. मधल्या पडद्यामुळे तिचे दोन मार्ग होतात. एकातून रक्त डायलिसिसच्या यंत्राकडे जाते, दुसऱ्यातून शुद्ध होऊन परत येते. दोन्ही मार्गांची तोंडे मुद्दाम एकमेकांपासून दूर ठेवलेली असतात. नाहीतर शुद्ध झालेलेच रक्त पुन्हा यंत्राकडे ओढले जाईल. या नळीचे टोक हृदयाच्या उंबरठ्याशी पोहोचते, याचे आज कोणाला आश्चर्य वाटत नाही. परंतु जिवंत माणसाच्या हृदयात नळी नेणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, अशीच समजूत 1929 पर्यंत रूढ होती. ती ज्यांनी स्वतःच्या देहावर खोटी ठरविली, त्या वेर्नर फोर्समान यांचे चरित्र जितके प्रेरक, तितकेच अस्वस्थ करणारे आहे.

फोर्समान यांचा जन्म 1904 साली बर्लिनमध्ये झाला. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. वैद्यकीय शिक्षण संपवून ते बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात रुजू झाले. आणीबाणीच्या वेळी हृदयात औषध पोहोचविण्यासाठी त्या काळी छातीतून सुई खुपसावी लागे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली होती. मग माणसाच्या दंडातील शिरेतून का जाऊ नये, हा फोर्समान यांचा प्रश्न होता. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. तेव्हा निर्जंतुक उपकरणांची किल्ली जिच्याकडे होती, त्या परिचारिकेला त्यांनी विश्वासात घेतले. प्रयोग आपल्यावर होणार असे समजून ती मेजावर निजली. तिला तेथे बांधून त्यांनी नळी मात्र स्वतःच्याच डाव्या हातातून आत सरकविली. मूत्रवाहिनीसाठी वापरली जाणारी ती नळी सुमारे 65 सेंटीमीटर आत गेली. तशाच अवस्थेत जिना उतरून ते क्ष-किरण कक्षात गेले आणि टोक हृदयात पोहोचल्याचा पुरावा चित्रबद्ध करून घेतला.

या साहसाचे फळ म्हणून त्यांना कौतुक नव्हे, अवहेलना मिळाली. बर्लिनच्या प्रख्यात शारिटे रुग्णालयातील जागा लवकरच गेली आणि पुढे ते मूत्ररोगांच्या शाखेकडे वळले. त्यांच्या कल्पनेचा धागा उचलला तो न्यूयॉर्कमधील आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी. 1941 पासून त्यांनी या पद्धतीला रोगनिदानाचे शिस्तबद्ध साधन बनविले. 1945 मध्ये कुर्नां व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुहेरी मार्गाची नळी वापरून हृदयाच्या दोन ठिकाणांचा दाब एकाच वेळी मोजण्याची सोय केली. 1956 साली या दोघांबरोबर नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा फोर्समान बाड क्रॉयत्सनाख या लहानशा गावी व्यवसाय करीत होते.

येथवरची कथा उपेक्षित प्रतिभेची म्हणून सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. परंतु 1932 साली, हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच, फोर्समान नाझी पक्षात सामील झाले होते, ही गोष्ट बहुधा गाळली जाते. ज्याने वरिष्ठांची आज्ञा मोडून प्राण पणाला लावले, त्याला सभोवतालच्या उन्मादापासून दूर राहता आले नाही. प्रयोगशाळेतील धैर्य आणि नागरिकाचे धैर्य ही दोन निराळी मूल्ये आहेत. एक असले म्हणजे दुसरे आपोआप येत नाही.

प्रयोगाबाबतही विवेक हवा. धोका स्वतःवर घेतला, हे फोर्समान यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण परिचारिकेच्या विश्वासाशी त्यांनी केलेला खेळ आज कोणत्याही रुग्णालयात क्षम्य ठरणार नाही, आणि ठरूही नये. नव्या कल्पनेला मज्जाव न करता तिची कसोटी उघडपणे, सर्व संबंधितांच्या संमतीने घेणारी व्यवस्था तेव्हा असती, तर कदाचित त्या लपवाछपवीची गरजच पडली नसती.

फोर्समान 1979 साली निवर्तले. त्यांनी दाखविलेल्या वाटेने आज असंख्य रुग्णांना जीवदान मिळते. त्यांचे ऋण मान्य करावेच. मात्र विद्यार्थ्यांना त्यांचे चरित्र शिकविताना ते अर्धे शिकवू नये.