विश्लेषण : बॅटमॅनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे डॉ. वर्थम कोण होते?

सुपरहिरो कॉमिक्समधील एखादे कथानक वादात सापडले, की डॉ. फ्रेडरिक वर्थम हे नाव हमखास निघते. ते ना लेखक होते, ना चित्रकार. ते मानसोपचारतज्ज्ञ होते. पण अमेरिकी कॉमिक्समध्ये काय दाखवायचे नाही, हे कित्येक वर्षे ठरले ते त्यांनी उठवलेल्या वादळामुळे.

हार्लेमचे डॉक्टर

१८९५ मध्ये जर्मनीतील न्युरेम्बर्ग येथे जन्मलेले वर्थम १९२२ मध्ये अमेरिकेत आले. १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू केले. फी २५ सेंट, तीही परवडत असेल तरच. कृष्णवर्णीय गरिबांना मानसोपचार मिळणे तेव्हा दुर्मीळच होते. वर्णानुसार वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर आघात होतो, अशी साक्ष त्यांनी डेलावेअरमधील खटल्यात दिली. हाच खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये अशा शाळा घटनाबाह्य ठरल्या. वर्थम यांना खलनायक ठरवणारे कॉमिक्सप्रेमी हा भाग सहसा सांगत नाहीत.

पुस्तकात काय होते?

उपचारांसाठी येणारी बिघडलेली मुले कॉमिक्स वाचतात, हे वर्थम यांनी हेरले. (तेव्हा अमेरिकेतील बहुतेक सगळीच मुले कॉमिक्स वाचत होती!) १९५४ मध्ये त्यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आले. रोख मुख्यतः गुन्हे आणि भयकथांवर होता, पण सुपरहिरोही सुटले नाहीत. बॅटमॅन आणि रॉबिनच्या नात्यात त्यांना समलैंगिकता दिसली, तर सुपरमॅनमध्ये बळाची पूजा.

त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांची साक्ष झाली. सरकारी बंदीच्या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ तयार केला. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, पोलिसांचा अनादर नको, व्हॅम्पायर तर नकोतच. शिक्का नसलेला अंक अनेक विक्रेते ठेवत नसत. गंमत म्हणजे वर्थम यांना हा कोडही तोकडाच वाटला. त्यांना लहान मुलांना अशी कॉमिक्स विकण्यावर कायद्याने बंदी हवी होती.

स्पायडरमॅनने शिक्का झुगारला

१९७१ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याच्या विनंतीवरून स्टॅन ली यांनी स्पायडरमॅनमध्ये अमली पदार्थांचे दुष्परिणाम दाखवणारी कथा लिहिली. विषयच निषिद्ध म्हणून कोडने मंजुरी नाकारली. मार्व्हलने ९६ ते ९८ हे तीन अंक शिक्क्याविना छापले. त्याच वर्षी नियम सैल झाले आणि डीसीच्या ग्रीन ॲरोचा साथीदार स्पीडी हेरॉइनच्या विळख्यात सापडलेला दिसला, तोही शिक्क्यासह.

कागदपत्रे काय सांगतात?

वर्थम १९८१ मध्ये वारले. त्यांची कागदपत्रे २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली. संशोधक कॅरल टिली यांनी ती पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांच्या घरातील हिंसाचारासारखी कारणे वर्थम यांनी गाळली होती, काहींची विधाने बदलली होती. बॅटमॅनविरुद्धच्या पुराव्यात तर दोन तरुणांचा एकच रुग्ण केला होता. त्या दोघांना टारझन आणि सब-मरिनर अधिक भावत, हेही वगळले होते.

मार्व्हलने २००१ मध्येच कोड सोडला होता. डीसी आणि आर्चीने तो २०११ मध्ये सोडला, म्हणजे टिली यांचे निष्कर्ष येण्याच्या एक वर्ष आधी.